कॅलरी

'कॅलरी'चे मूळ लॅटिन 'कालोर', म्हणजे उष्णता. उष्णता हा गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे वाहणारा वजनरहित द्रव आहे, असा अठराव्या शतकात समज होता. 1787 मध्ये लाव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी रसायनशास्त्राची फ्रेंच परिभाषा नव्याने बांधली, तेव्हा या द्रवाला 'कालोरिक' म्हटले. द्रव पुढे खोटा ठरला, नाव मात्र वंश चालवून गेले. लाव्हाझिए आणि लाप्लास यांच्या उष्णतामापकात भांड्याभोवती बर्फ भरलेला असे. आत कोळसा जळो की गिनीपिग श्वास घेवो, बाहेर पडणारी उष्णता बर्फ वितळवी. खाली जमलेले पाणी तोलले की तिचे माप मिळे.

एकक म्हणून 'कॅलरी' रुळवली ती निकोला क्लेमांने, 1820 च्या सुमारास पॅरिसमधील व्याख्यानांत. एक किलो पाण्याचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढवणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. पुढे किलोच्या जागी ग्रॅमही आला आणि एकाच नावाखाली हजारपट फरकाची दोन मापे नांदू लागली. मोठे माप मोठ्या अक्षराने लिहिण्याची इंग्रजीतील युक्ती देवनागरीत निरुपयोगीच.

पाठ्यपुस्तकांत आता ज्यूल आहे. 1 लहान कॅलरी म्हणजे 4.184 ज्यूल; मोठी कॅलरी तीच किलोकॅलरी. एक ग्रॅम साखर पूर्ण जळताना सुमारे 16.5 किलोज्यूल, म्हणजे जवळपास 4 किलोकॅलरी उष्णता देते. बिस्किटांच्या पुड्यावर किलोकॅलरीच छापतात. बोलताना 'किलो' गळतो आणि डाएटवाले नुसत्या कॅलरी मोजतात.