राख, चिंच, सोडा, ब्लीच : स्वयंपाकघराच्या सफाईची गोष्ट

दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे माझ्याकडे दर वर्षी ठरावीक पेशंट येतात. माळ्यावरचे डबे काढताना कंबर धरलेले, स्टुलावरून पडलेले, जळमटं काढून शिंकांनी बेजार झालेले. काही वर्षांपूर्वी मात्र रात्री नऊच्या सुमाराला चाळिशीच्या एका ताईंना त्यांचा नवरा आणि सासूबाई घेऊन आले. डोळ्यांतून पाणी, न थांबणारा ठसका, छातीत जळजळ, बोलताना धाप. स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं होतं, वास मारत होतं. ताईंनी आधी त्यात ब्लीच ओतलं. दहा मिनिटांत काही होईना, म्हणून त्यावर संडास धुवायचं ॲसिड ओतलं.

"डॉक्टर, दोन्ही चांगलीच आहेत ना? म्हटलं एकत्र टाकली तर लवकर काम होईल."

मागून सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी राख नि चिंच होती. कुणी दवाखान्यात गेलं नाही."

तेव्हा उत्तर द्यायला वेळ नव्हता. ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर दिला आणि रात्रभर देखरेखीसाठी त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. दोघींचं उत्तर आज लिहितो आहे.

सासूबाईंपासून सुरुवात करू. चुलीतली राख, नारळाची शेंडी आणि मोरीतलं पाणी, एवढ्यावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या भांडी निघाली. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट नावाचा क्षार असतो. तेलकट भांड्याला ओली राख चोळली की हा क्षार तेलातल्या आम्लांशी संयोग पावतो आणि किंचित साबण तयार होतो. म्हणजे आजी भांडं घासता घासता जागच्या जागी थोडा साबणही करत असे. राखेचे बारीक कण खरवडायचं काम करत. शिवाय ताजी राख विस्तवातून आलेली, त्यामुळे तिच्यात जंतू जवळजवळ नसत. 'अल्कली' हा शब्दसुद्धा अरबी 'अल-कली' म्हणजे खारट जमिनीतल्या झुडपांची राख यावरून आलेला आहे.

चिंचेचं काम वेगळं. तांब्यापितळेवर चढलेला काळा-हिरवा थर हा धातूचा क्षार. तो साबणाने जात नाही, आम्लात विरघळतो. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं. म्हणून बंब, घागरी, देवाची उपकरणी चिंचेने लखलखतात. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही आपल्या बायकांना नीट माहीत होती. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती 'कळकते'. आम्ल धातू सोडवतं, मग तो बाहेरच्या डागातला असो की आतल्या भिंतीचा. रसायनशास्त्राचं एकही पुस्तक न उघडता 'कळकणे' हा शब्द ज्यांनी घडवला, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

पण "कुणी दवाखान्यात गेलं नाही" हे मात्र खरं नाही. हगवण आणि पटकीने घरंच्या घरं रिकामी होत होती. भांडं राखेने स्वच्छ निघे, पण ते विसळायचं पाणी कुठल्या विहिरीचं होतं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून असे. मातीच्या जमिनीवर धूळ धरून ठेवायला शेणाचं सारवण उपयोगी होतं. फरशी आल्यावर ते कारण संपलं. रोज राख हाताळणाऱ्या हातांना भेगा पडत, त्या वेगळ्याच.

आता ताईंच्या दोन बाटल्या. इथे आपल्याला युरोपात जावं लागेल, कारण त्या दोन्ही बाटल्यांचं कूळ तिथलं, आणि एकच.

काच आणि साबण करणाऱ्यांना क्षार लागायचा आणि तो राखेतूनच यायचा. अठराव्या शतकात मागणी इतकी वाढली की राख पुरेना. १७९१ साली निकोला लब्लाँ या फ्रेंच माणसाने साध्या मिठापासून धुण्याचा सोडा करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. मिठावर गंधकाम्ल टाकायचं, मग त्यातून आलेला पदार्थ कोळसा आणि चुनखडीबरोबर भाजायचा. सोडा स्वस्त झाला, म्हणून साबण स्वस्त झाला, आणि साबण गरिबाच्या घरात गेला. आरोग्याच्या इतिहासात ही घटना मी कुठल्याही गोळीइतकीच मोठी मानतो.

मात्र पहिल्याच पायरीला या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटायचा. इंग्लंडमध्ये कारखान्यांभोवतीची झाडं आणि पिकं जळू लागली. शेवटी १८६३ साली तिथल्या संसदेने कायदा करून यातला ९५ टक्के वायू पाण्यात शोषून घेणं बंधनकारक केलं. आता या आम्लाचं करायचं काय? त्यातून क्लोरीन काढायच्या पद्धती कारखानदारांनी वापरात आणल्या. तो क्लोरीन चुन्यात मुरवला की ब्लीचिंग पावडर. ती ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्येच केलेली होती, पण कापडाच्या गिरण्यांसाठी.

म्हणजे धुण्याचा सोडा, संडासचं ॲसिड आणि ब्लीच ही एकाच कारखान्यातली भावंडं. ॲसिडमधून क्लोरीन सोडवला आणि तो ब्लीचमध्ये बांधून ठेवला. ब्लीचवर पुन्हा ॲसिड ओतलं की बांधलेला क्लोरीन सुटतो. ताईंनी नकळत तो कारखाना सिंकमध्ये उलटा चालवला होता. कार्ल शीले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १७७४ साली हा हिरवट पिवळा वायू पहिल्यांदा वेगळा केला, तेव्हाच त्याचा गुदमरवणारा वास नोंदवून ठेवला होता. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने तोच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला. श्वासनलिकेच्या ओलाव्यात विरघळून तो पुन्हा आम्लं तयार करतो आणि आतलं अस्तर भाजतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रससुद्धा ब्लीचमध्ये घातला तर हेच होतं, फक्त कमी वेगाने. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव मिसळला तर क्लोरामाइन नावाचा दुसरा घातक वायू निघतो.

मग कापडाचं ब्लीच घरसफाईत शिरलं कसं? वासामुळे. पॅरिसमध्ये जनावरांच्या आतड्यांपासून तात तयार करणाऱ्या कारखान्यांत असह्य दुर्गंधी असे. १८२० च्या सुमारास लाबाराक नावाच्या औषधविक्रेत्याने सोडा आणि क्लोरीनचं द्रावण वापरून ती घालवली. आजचं द्रवरूप ब्लीच साधारण तेच. तेव्हा दुर्गंधी हेच रोगाचं मूळ समजत. १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून बाळंतिणी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. हेच पाणी का? तर प्रेताचा वास त्यानेच जात होता, म्हणून. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये सुमारे २. कारण त्यांना पूर्ण कळलेलं नव्हतं, पण उपाय अचूक बसला.

वासावर विश्वास ठेवला की दर वेळी असं नशीब लाभत नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा घरं कार्बोलिकने धुतली गेली, भिंतींना चुना लावला गेला. पुढच्या वर्षी पुण्यात सोल्जर थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, त्याचा संताप इतिहासात नोंदलेला आहे. घरांना औषधाचा वास आला, प्लेग हटला नाही. तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवलं. फिनेलचा वास आला की घर निर्जंतुक झालं, ही आपली समजूत त्या काळात रुजली असावी असा माझा अंदाज आहे. फिनेल ओट्यावर वापरू नका, ते विषारी आहे.

तेव्हा तीन कामं वेगळी ओळखा : मळ काढणं, वास घालवणं, जंतू मारणं. स्वयंपाकघरात नव्वद टक्के गरज पहिल्या कामाची असते आणि त्याला साबण, गरम पाणी आणि घासणारा हात पुरतो. मळाबरोबर जंतूही वाहून जातात. चिकट चिमणी, शेगडीची जाळी यांना धुण्याचा सोडा (हातमोजे घालून, ॲल्युमिनियमवर नको). नळावरच्या पांढऱ्या क्षाराला लिंबू किंवा व्हिनेगर. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचे व्हिडिओ हल्ली बरेच पेशंट मला दाखवतात. फेस छान दिसतो, पण क्षाराने आम्ल मारलं आणि आम्लाने क्षार. उरतं ते जवळजवळ खारट पाणी. त्याने अपाय नाही, उपयोगही फारसा नाही.

ब्लीच लागतं ते कच्चं चिकन-मटण कापलेल्या फळीला, किंवा घरात कुणाला जुलाब-उलट्या असताना. तेही आधी साबणाने धुऊन, कारण मळ असेल तर ब्लीच मळावरच खर्च होतं. बाटलीवर लिहिलंय तेवढ्याच थंड पाण्यात मिसळायचं, खिडकी उघडी ठेवायची, लेबलवर दिलेला वेळ ठेवून स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि त्यात दुसरं काहीही घालायचं नाही.

चुकून वायू झालाच तर तो थांबवायला त्यावर आणखी काही ओतत बसू नका. बाहेर मोकळ्या हवेत या, डोळे वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. दम लागत असेल किंवा दमा असेल तर थेट रुग्णालयात जा. थोडं बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. फुप्फुसांची सूज काही तासांनीही वाढू शकते.

ताई तिसऱ्या दिवशी घरी आल्या, खोकला मात्र तीन आठवडे राहिला. दरम्यान त्यांच्या नवऱ्याने सिंकखालची नळी उघडली. आत गोठलेल्या तुपाचा आणि चहाच्या चोथ्याचा मुठीएवढा गोळा होता. तो त्याने काडीने काढला आणि नळी सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. सासूबाईंनी हे मला दोनदा सांगितलं.