राष्ट्रीय ट्रामवे संग्रहालय, क्रिच

राष्ट्रीय ट्रामवे संग्रहालय हे इंग्लंडच्या डर्बीशायर काउंटीतील क्रिच या गावाजवळचे, जुन्या ट्रामगाड्यांचे संग्रहालय आहे. चुनखडीच्या एका पडीक खाणीत ते वसलेले असून संग्रहात साठांहून अधिक ट्रामगाड्या आहेत. त्यांत घोड्यांनी, वाफेवर आणि विजेवर चालणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या गाड्या आढळतात. नावात ‘राष्ट्रीय’ हा शब्द असला तरी संग्रहालय सरकारी मालकीचे नाही. ट्रामवे म्युझियम सोसायटी ही धर्मादाय संस्था ते चालवते, आणि तिच्या कामाचा मोठा भार स्वयंसेवकांनी उचललेला आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील शहरांनी ट्राम बंद करून बसगाड्यांचा स्वीकार केला. लंडनची ट्राम जुलै १९५२ मध्ये, शेफील्डची १९६० मध्ये आणि ग्लासगोची १९६२ मध्ये थांबली. त्यानंतर ब्रिटनमधील शहरांपैकी केवळ ब्लॅकपूल येथेच ट्राम धावत राहिली. निकामी ठरलेल्या बहुतेक गाड्या मोडीत काढल्या गेल्या. काहींचे नुसते सांगाडे शेतकऱ्यांनी विकत घेऊन त्यांची कोठारे, खुराडी किंवा बागेतील खोपटी केली. या उपेक्षेमुळेच त्यांपैकी काही सांगाडे वाचले आणि पुढे संग्राहकांच्या हाती लागले.

१९४८ मध्ये साउदॅम्प्टन येथे ट्रामप्रेमींच्या एका सहलीत ४५ क्रमांकाच्या गाडीतून फेरफटका मारण्यात आला. ही गाडी भंगारात जाणार हे कळल्यावर सहलकऱ्यांनी ती दहा पौंडांना विकत घेतली. १९०३ मध्ये बांधलेली ही उघड्या छताची दुमजली गाडी बेताच्या उंचीची आहे, कारण साउदॅम्प्टनची ट्राम बारगेट या मध्ययुगीन वेशीच्या कमानीखालून जात असे. वरच्या मजल्यावरील उतारूंचे डोके कमानीला लागू नये म्हणून बाक मध्यभागी, पाठीला पाठ लावून बसवलेले आहेत. गाडी घेणे सोपे होते. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न अवघड ठरला. अशी वाहने जपण्यासाठी कायमची जागा हवी, या जाणिवेतून १९५५ मध्ये सोसायटीची स्थापना झाली.

क्रिच येथील वाटचाल

या खाणीतील चुनखडी खाली भट्ट्यांपर्यंत नेण्यासाठी जॉर्ज स्टीफन्सन यांनी एक अरुंद रूळमार्ग बांधला होता. तो बंद पडल्यावर वेल्समधील टॅलिलिन रेल्वेचे स्वयंसेवक त्याचे रूळ नेण्यासाठी तेथे आले होते. त्यांच्यामार्फत जागेची माहिती मिळाली आणि १९५९ मध्ये सोसायटीने खाणीचा काही भाग ताब्यात घेतला. रूळ अंथरणे, खांब उभारणे, तारा ओढणे ही कामे सभासदांनी सुट्टीच्या दिवशी केली. १९६३ मध्ये १८७४ सालची शेफील्डची घोड्याची ट्राम येथे धावली आणि १९६४ पासून विजेच्या ट्रामची फेरी सुरू झाली.

गाड्यांमागचे उघडे माळरान शोभेना, म्हणून पुढे शहरी रस्ताही उभा करण्यात आला. डर्बी येथील असेंब्ली रूम्सची इमारत १९६३ च्या आगीत सापडली होती. तिचा दर्शनी भाग दगड दगड उतरवून येथे पुन्हा रचण्यात आला. स्टोक-ऑन-ट्रेंट येथील ‘रेड लायन’ हे मद्यगृहही असेच आणलेले आहे. प्रवेशद्वारी पाहुण्याच्या हाती जुनी पेनी दिली जाते. ती ट्राममधील वाहकाला देऊन तिकीट घ्यायचे आणि सुमारे एक मैलाचा प्रवास हवा तितक्या वेळा करायचा, अशी पद्धत आहे.

जीर्णोद्धार आणि निधी

ट्रामचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे. लाकडी सांगाडा आतून कुजलेला असतो, मोटारींच्या गुंडाळ्या नव्याने कराव्या लागतात, चाकांच्या लोखंडी धावा झिजलेल्या असतात, आणि सुटे भाग बाजारात मिळत नसल्याने ते घडवूनच घ्यावे लागतात. एका गाडीला कित्येक वर्षे लागणे नवलाचे नाही. त्याहून नाजूक प्रश्न कालखंडाचा असतो. लंडन काउंटी कौन्सिलची १९३२ मधील १ क्रमांकाची गाडी १९५१ मध्ये लीड्सला विकली गेली आणि तेथे दुसऱ्या क्रमांकाने व रंगाने धावली. तिला मूळ निळे रूप द्यायचे ठरले की लीड्समधील आयुष्याच्या खुणा पुसल्या जातात. त्या राखल्या तर मूळ रूप दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत. शिवाय चालवलेली गाडी झिजते आणि उभी ठेवलेली गाडी मुकी राहते. यास्तव काही गाड्या धावत्या, तर काही केवळ प्रदर्शनात ठेवल्या जातात.

या खर्चासाठी प्रवेशशुल्क, सभासदांची वर्गणी, दुकानातील विक्री, देणग्या, मृत्युपत्रांद्वारे मिळणाऱ्या रकमा आणि विविध अनुदाने यांचा आधार घेतला जातो. एखाद्या विशिष्ट गाडीसाठी दाते पुढे येतात. छप्पर, रूळ व तारा यांच्या देखभालीला तसा दाता मिळणे कोणत्याही संग्रहालयाला कठीणच जाते. जुनी कारागिरी पुढच्या पिढीला शिकवणे, हीही अशीच न दिसणारी बाब आहे. कारखान्यातील काम पाहुण्यांना सज्जातून पाहता येते.

मुंबईशी तुलना

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी, म्हणजे क्रिचमधील शेफील्डच्या गाडीच्या जन्मवर्षीच, सुरू झाली. विजेची ट्राम १९०७ मध्ये आणि दुमजली ट्राम १९२० मध्ये आली. बोरीबंदर ते दादर ही अखेरची फेरी ३१ मार्च १९६४ रोजी झाली. त्याच वर्षी क्रिचच्या खाणीत विजेची ट्राम धावू लागली. मुंबईच्या ट्रामच्या आठवणी आज बेस्टच्या आणिक आगारातील संग्रहालयात जपलेल्या आहेत.