नाईलकाठचे तारे

आपण धरणीला माता म्हणतो. प्राचीन इजिप्तमध्ये, म्हणजे मिसर देशात, याच्या उलट होते. त्यांची जमीन पुरुष होती, तिचे नाव गेब; आणि आकाश ही आई होती, तिचे नाव नूत. चित्रांत ही नूत हातापायांवर वाकून जगावर कमान धरते. पुष्कळदा तिच्या अंगभर तारे काढलेले असतात. खाली गेब आडवा पडलेला, आणि मधे शू, म्हणजे वारा, तिला दोन्ही हातांनी तोलून धरतो. संध्याकाळी ती सूर्याला गिळते आणि सकाळी पुन्हा जन्म देते.

आता या आकाशाचा त्यांच्या पोटापाण्याशी काय संबंध होता, ते पाहा. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाही. शेती सगळी नाईलच्या पुरावर. दूर इथिओपियाच्या डोंगरांत उन्हाळी पाऊस कोसळे, आणि त्याचे गाळाने भरलेले पाणी इजिप्तच्या शेतांवर पसरे. पूर कमी आला, तर उपासमार ठरलेली! या पुराची वर्दी देई एक तारा. आपण त्याला व्याध म्हणतो, ते सोपदेत म्हणत. हा तारा वर्षातून सुमारे सत्तर दिवस सूर्याच्या उजेडात लपतो. मग एके दिवशी पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी, पूर्वेला पुन्हा चमकतो. त्या काळी हे जुलैच्या सुमारास, पूर चढू लागण्याच्या वेळी घडे.

व्याधाच्या आधी मृग उगवतो. मृगाच्या ताऱ्यांत त्यांना ओसायरिस दिसे. हा भावाच्या हातून मारला गेलेला आणि पुन्हा उठलेला देव. मागून येणारा व्याध म्हणजे त्याची पत्नी आयसिस. त्यांनी आकाशात असे छत्तीस तारकासमूह निवडले होते. दर दहा दिवसांनी पहाटे एक नवा समूह उगवे. रात्रीचे तासही त्यांवरूनच मोजत. प्रत्येक समूह सत्तर दिवस पाताळात राहून शुद्ध होऊन परत येतो, असे त्यांचे ग्रंथ सांगतात. आणि मृतदेहाची ममी करण्याच्या विधीलाही सत्तरच दिवस लागत! तारा परत येतो, तसा आपला माणूसही परत येईल, ही त्यामागची आशा.

म्हणून त्यांच्या थडग्यांत आकाश रंगवलेले असे. सक्कारा येथे उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये, इ. स. पूर्व 2350 च्या सुमारास, छतभर पाच टोकांचे तारे कोरले गेले. हत्शेप्सुत राणीचा अधिकारी सेनेनमुत याच्या थडग्याच्या छतावर मृग आणि व्याध होड्यांत उभे आहेत. इ. स. पूर्व 1470 च्या सुमाराचे हे छत अशा छतांत आज ज्ञात असलेले सर्वांत जुने. शवपेट्यांच्या झाकणाला आतून नूत काढीत. पेटी मिटली, की मेलेले लेकरू आईच्या कुशीत!

आस्वानचे मोठे धरण 1970 साली पुरे झाले, आणि इजिप्तच्या शेतांवर पसरणारा तो पूर थांबला. तारा मात्र आपली वेळ पाळतो. गुरुजींनी थंडीच्या दिवसांत मुलांना मृग आणि त्यामागचा व्याध दाखवावा. उन्हाळ्याच्या अखेरीस तो मावळतीच्या उजेडात बुडेल. त्याचे परतणे आपल्याला पावसाळी ढगांमुळे बहुधा दिसत नाही. नाईलकाठच्या निरभ्र आकाशात मात्र तो दिसे, आणि माणसे त्याची वाट पाहत.