चुकलेले शीर्षक आणि उशिरा पोचलेले गाणे

‘दुर्लक्षित श्रेष्ठ कृती’ ही वाङ्मयेतिहासाची एक आवडती कथा आहे. समकालीनांना कळले नाही, पुढच्या पिढीने ओळखले, असा तिचा साचा असतो. ही कथा सांगणाऱ्याला सुखावते, कारण तीत सांगणारा आपोआप ‘ओळखणाऱ्यां’च्या बाजूला जाऊन बसतो. ‘द झॉम्बीज’ या इंग्रज रॉक वाद्यवृंदाच्या ‘ओडेसी अँड ऑरॅकल’ या अल्बमविषयी गेली काही दशके हीच कथा सांगितली जाते. ती खोटी नाही. पण तिच्यात पैशाचा हिशेब गाळलेला असतो, आणि तो मांडल्यावाचून हा अल्बम असा का झाला आणि का पडला हे कळणे कठीण आहे.

हर्टफर्डशरमधील सेंट ऑल्बन्स या गावातली ही शाळकरी मुले. कॉलिन ब्लनस्टोन गायक, रॉड आर्जंट कळवाद्यांवर, पॉल अ‍ॅटकिन्सन गिटारवर, ह्यू ग्रंडी ड्रम्सवर; ख्रिस व्हाइट बास वाजवायला थोडा नंतर आला. १९६४ साली ‘शीज नॉट देअर’ हे त्यांचे पहिलेच गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढच्या वर्षी ‘टेल हर नो’ सहाव्या क्रमांकावर पोचले. त्यानंतर मात्र एकामागून एक गाणी आपटत गेली. १९६७ च्या आरंभी ते मनिलाला गेले, तेव्हा तेथे आपण प्रचंड लोकप्रिय आहोत हे त्यांना विमानतळावरची गर्दी पाहून समजले. कार्यक्रम भरगच्च झाले, हाती मात्र किरकोळ रक्कम आली.

आणखी एक दुखणे होते. आपली गाणी ध्वनिमुद्रणगृहात आपण वाजवतो तशी बाजारात येत नाहीत, निर्मात्याच्या मिश्रणात त्यांचा जोर निघून जातो, अशी आर्जंट आणि व्हाइट यांची तक्रार होती. ‘डेक्का’शी असलेला संबंध संपल्यावर ‘सीबीएस’ या कंपनीशी करार करताना त्यांनी एकच आग्रह धरला: निर्मिती आम्ही करू. कंपनीने मान्य केले आणि सुमारे १००० पौंड दिले. संपूर्ण अल्बमसाठी. त्याच काळात बीटल्सनी ‘सार्जंट पेपर’साठी ध्वनिमुद्रणगृहात महिनोन्‌महिने घालवले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या रकमेचा तुटपुंजेपणा कळतो.

योगायोग असा, की लंडनच्या अ‍ॅबी रोड येथील त्याच ‘ईएमआय’च्या ध्वनिमुद्रणगृहात झॉम्बीज पहिल्यांदा गेले तो दिवस १ जून १९६७ हा होता. ‘सार्जंट पेपर’च्या प्रकाशनाची अधिकृत तारीखही हीच. ‘ईएमआय’शी करार नसलेल्या वाद्यवृंदाला तेथे प्रवेश मिळणे त्या वेळी दुर्मीळ होते. तंत्रज्ञ जेफ एमरिक आणि पीटर व्हिन्स. पैकी एमरिक बीटल्सच्याच कामातून मोकळा झालेला. जॉन लेननचे मेलोट्रॉन तेथेच राहिले होते आणि आपण ते सरळ वापरले, असे आर्जंटने पुढे अनेकदा सांगितले आहे. मेलोट्रॉन म्हणजे कळ दाबली की आत ध्वनिफितीवर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनचा वा बासरीचा स्वर उमटवणारे यंत्र. ज्यांना वादकांचा ताफा परवडत नव्हता त्यांच्या हाती तो ताफा एका पेटीत बसून आला. ‘हंग अप ऑन अ ड्रीम’मधला तो किंचित थरथरणारा, खऱ्या तारांचा नाही हे लगेच कळणारा नाद ऐकावा, दारिद्र्याचे रूपांतर शैलीत कसे होते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

वेळ म्हणजे पैसा होता, म्हणून ते तालीम पुरी करूनच आत जात. मांडणी, आवाजांच्या जागा, शेवट, सगळे आधी ठरलेले. ध्वनिमुद्रण चार ट्रॅकवर. अ‍ॅबी रोड मिळाले नाही तेव्हा काही गाणी ऑलिंपिक या दुसऱ्या ध्वनिमुद्रणगृहात झाली. नोव्हेंबरपर्यंत बारा गाणी पुरी झाली: सात व्हाइटची, पाच आर्जंटची. त्या वर्षीच्या अनेक अल्बमांत दिसणारा पाल्हाळ येथे औषधालाही सापडत नाही, याचे श्रेय मी अभिरुचीइतकेच त्या १००० पौंडांना देईन.

साहित्याच्या अभ्यासकाला हा अल्बम जवळचा वाटावा याचे कारण मात्र वेगळे आहे. त्यात पुस्तके वाचणारी माणसे दिसतात. मलपृष्ठावर ‘टेम्पेस्ट’मधल्या कॅलिबनच्या, बेटावरच्या सुरांविषयीच्या ओळी छापल्या आहेत. ‘ब्रीफ कँडल्स’ हे शीर्षक व्हाइटने घेतले ते आल्डस हक्स्लेच्या १९३० च्या कथासंग्रहावरून, आणि हक्स्लेने घेतले होते ‘मॅकबेथ’वरून. पहिले गाणे ‘केअर ऑफ सेल ४४’ हे पत्र आहे. आपण पाकिटावर ‘द्वारा’ लिहितो तसे ते ‘केअर ऑफ’, आणि त्यापुढे कोठडीचा क्रमांक. तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रेयसीला प्रियकर लिहितो आहे. तिचा गुन्हा कोणता याचा उल्लेख नाही; फक्त ती येणार याचा आनंद आहे, आणि चाल इतकी उजळ की हे तुरुंगातले पत्र आहे हे पहिल्या ऐकण्यात निसटून जाते.

‘अ रोझ फॉर एमिली’ हे त्याहून विचार करायला लावणारे. विल्यम फॉकनरची याच नावाची कथा १९३० ची आणि बहुतेक इंग्रजी विभागांत शिकवली जाणारी. तिच्या शेवटी बंद खोलीत जे सापडते त्याने वाचक हादरतो, आणि आधीची सगळी कथा उलट्या क्रमाने पुन्हा वाचावी लागते. आर्जंटने हा धक्काच काढून टाकला. त्याच्या गाण्यात प्रेत नाही, विष नाही, अमेरिकी दक्षिणेचा इतिहास नाही. आहे ती एक एकटी बाई. तिच्या झाडाचे गुलाब प्रेमी एकमेकांना देतात, तिला कोणी देत नाही, आणि ती म्हातारी होऊन मरते. रूपांतर म्हणून हे फॉकनरचे सौम्यीकरण म्हणता येईल, आणि मला आधी तसेच वाटत असे. पण फॉकनरच्या कथेला ‘गुलाब’ हे नाव का, हा वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे, कारण कथेत एमिलीला कोणी गुलाब देतच नाही. आर्जंटचे गाणे नेमके त्या प्रश्नावर उभे आहे. त्याने कथा बाजूला ठेवून फक्त शीर्षक वाचले, असे म्हणा हवे तर. वाद्यमेळ एवढाच: पियानो आणि आवाज. चेलोसह केलेली एक आवृत्ती होती, ती वापरली नाही, योग्यच झाले.

‘बुचर्स टेल (वेस्टर्न फ्रंट १९१४)’ हे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचे स्वगत. ते व्हाइटने स्वतःच गायले. त्याचा आवाज ब्लनस्टोनसारखा रेशमी नाही, कापरा आहे, आणि भेदरलेल्या खाटकाला तोच शोभतो. साथीला पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन. आपल्याकडे गंधर्व-परंपरेतल्या संगीत नाटकांनी हा नाद घराघरांत नेला. मराठी कानाला तो सूत्रधाराची, नांदीची आठवण देतो. येथे तोच भाता दमेकऱ्याच्या श्वासासारखा ऐकू येतो. शीर्षकात वर्ष १९१४ छापले आहे खरे, पण गाण्यात येणारी बहुतेक स्थळनामे सोमच्या लढाईतली, म्हणजे १९१६ ची आहेत.

चुकांचा विषय निघाला आहे तर मुख्य चूक सांगायला हवी. मुखपृष्ठ रंगवले टेरी क्वर्क या व्हाइटबरोबर राहणाऱ्या चित्रकाराने. रंगांनी फुललेल्या त्या चित्रात त्याने ‘ओडिसी’ या शब्दात ‘वाय’च्या जागी ‘ई’ लिहिले. लक्षात आले तेव्हा दुरुस्तीची वेळ टळली होती. आर्जंटने सर्वांना सांगितले की हे मुद्दाम केले आहे, ‘ओड’ म्हणजे स्तोत्रकाव्य या शब्दावर तो श्लेष आहे. आणि ही सारवासारव पुष्कळ काळ खरी मानली गेली. देवनागरीत लिहिताना ही चूक जवळजवळ विरघळून जाते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला मात्र हे दृश्य ओळखीचे वाटेल: लेखकूचा हस्तदोष, मग त्याला चिकटवलेला गर्भितार्थ, मग तोच प्रमाण पाठ. आपल्या संतवाङ्मयाच्या पोथ्यांत अशी उदाहरणे थोडी नाहीत.

मिश्रण मोनोत झाले आणि पैसे संपले. तेव्हा कंपनीने स्टिरिओ आवृत्तीही मागितली. तिचा सुमारे २०० पौंडांचा खर्च आर्जंट आणि व्हाइट यांनी आपल्या गीतलेखनाच्या मानधनातून केला. ‘धिस विल बी अवर इयर’मध्ये शिंगवाद्ये थेट मोनो मिश्रणावरच चढवलेली असल्याने त्याचा खरा स्टिरिओ करणे अशक्य होते, मूळ स्टिरिओ तबकडीवर ते गाणे कृत्रिमरीत्या दोन बाजूंना पसरवलेले आहे.

हे २०० पौंड मला या कथेचे मर्म वाटतात. आर्जंट आणि व्हाइट ते देऊ शकले, कारण गाणी त्यांची होती आणि जुन्या यशस्वी गाण्यांचे मानधन त्यांना अजून मिळत होते. उरलेल्या तिघांना फक्त कार्यक्रमांचे पैसे, आणि कार्यक्रम तर आटले होते. लिहिणारे आणि वाजवणारे एकाच व्यासपीठावर उभे असले तरी एकाच आर्थिक वर्गात नव्हते. ‘टाइम ऑफ द सीझन’च्या मुद्रणात ब्लनस्टोन वैतागून आर्जंटला म्हणाला की एवढे कळते तर तूच गा, हा प्रसंग दोघेही हसत सांगत आले आहेत. पण घड्याळाचा काटा पैसे खात असताना, दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी दुसऱ्याच्या सांगण्यावरून पुन्हा पुन्हा गाणाऱ्याचा तो त्रागा केवळ स्वभावाचा नव्हता. आधीची दोन गाणी स्वतंत्र निघून पडली. डिसेंबर १९६७ मध्ये वाद्यवृंद मोडला. ब्लनस्टोन एका विमा कचेरीत नोकरीला लागला.

अल्बम १९ एप्रिल १९६८ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा तो वाजवून दाखवायला कोणी उरले नव्हते. खपाच्या यादीत तो आलाच नाही. अमेरिकेत तर कंपनीचा तो काढण्याचाही विचार नव्हता. अल कूपर हा संगीतकार नुकताच कोलंबियात कामाला लागला होता. लंडनहून आणलेल्या तबकड्यांत ही त्याला सापडली आणि त्याने वरिष्ठांच्या मागे लागून ती ‘डेट’ या दुय्यम नाममुद्रेखाली काढायला लावली. पहिले गाणे म्हणून निवडले कोणते, तर ‘बुचर्स टेल’, कारण व्हिएतनामच्या दिवसांत युद्धविरोधी गाणे चालेल असा अंदाज. अंदाज चुकला. शेवटी ‘टाइम ऑफ द सीझन’ हळूहळू वर सरकले आणि मार्च १९६९ मध्ये बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर आले. त्याच्या मायदेशात ते कधीच चालले नाही.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडली. गाणे लोकप्रिय, वाद्यवृंद मात्र अस्तित्वात नाही. तेव्हा अमेरिकेत तोतये झॉम्बीज गावोगावी कार्यक्रम करू लागले. त्यांतल्या एका चमूतले डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड पुढे ‘झीझी टॉप’मध्ये नावाजले. खऱ्यांनी पुन्हा एकत्र यायला नकार दिला. आर्जंट आणि व्हाइट नव्या वाद्यवृंदाच्या उभारणीत गुंतले होते.

पुढची प्रतिष्ठा समीक्षकांपेक्षा आधी संगीतकारांनी दिली. पॉल वेलर हा अल्बम आपल्या अत्यंत आवडत्यांपैकी असल्याचे सांगत राहिला. पुनर्मुद्रणे निघाली. ‘रोलिंग स्टोन’ने २००३ साली पाचशे अल्बमांची यादी केली, तीत तो ८० वा होता, २०१२ मध्ये १०० वा, २०२० मध्ये २४३ वा. अल्बम तोच, मधल्या काळात मत देणारे बदलले, आणि त्यांना कोणते विसरलेले संगीत परत आणावेसे वाटते तेही बदलले.

मार्च २००८ मध्ये, चाळीस वर्षांनी, लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये हयात चौघांनी तो पहिल्यांदाच प्रेक्षकांसमोर आरंभापासून शेवटपर्यंत वाजवला. १९६७ मध्ये ध्वनिफितीच्या थरांवर जे रचले होते ते रंगमंचावर उभे करण्यासाठी जादा गायक-वादक घ्यावे लागले. गिटारवर दुसरा वादक होता. पॉल अ‍ॅटकिन्सन २००४ मध्ये वारला होता.