तळाशी साचलेला रस

जपानच्या मुख्य बेटाच्या दक्षिण अंगाला समुद्रात शिरलेल्या की द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाकायामा प्रांतात, युआसा नावाचे एक लहानसे गाव आहे. लोकवस्ती ११,००० च्या आसपास. पाठीशी संत्र्यांच्या बागा अंगावर घेतलेल्या टेकड्या, पुढे शांत उपसागर, आणि गावामधून कुमानोच्या देवस्थानांकडे जाणारा प्राचीन यात्रामार्ग. आपण ज्याला सोया सॉस म्हणतो त्या शोयूचे कुळ शोधीत निघालेल्या माणसास अखेर याच गावाच्या उंबरठ्याशी यावे लागते.

काकुशिन या नावाचे एक झेन भिक्षू १२४९ साली धर्माध्ययनासाठी सुंग राजवटीच्या चीनमध्ये गेले आणि १२५४ साली परतले. येताना त्यांनी आपल्या गुरूंचा ‘मुमोनकान’ हा ग्रंथ आणला, आणि परंपरा असे सांगते की, तिकडच्या मठात शिकलेली एका तोंडीलावण्याची कृतीही आणली. युआसाजवळच्या युरा येथे ते स्थायिक झाले. सोयाबीन, तांदूळ व जव यांवर बुरशी चढवून, त्यांत वांगी, काकडीच्या जातीचे फळ, आले आणि मीठ घालून, वर दडपण ठेवून मुरवावयाचे, अशी ही कृती. मिठाने भाज्यांना पाणी सुटते, हे ज्याने लोणचे घातले आहे त्यास सांगावयास नको. तसेच पाणी या पिंपाच्या तळाशी उतरे, आणि खराब झाले म्हणून फेकले जाण्याचीच शक्यता अधिक. पण कोणी तरी ते चाखले. काकुशिनांचे नाव इतिहासाने जपले, ते योग्यच झाले. माझा जीव मात्र त्या अज्ञात जिभेपाशी घुटमळतो, कारण साचलेल्या त्या काळसर द्रवात स्वयंपाकाचे सामर्थ्य आहे हे तिने ओळखले. जपानी भाषेत साचण्याला ‘तामारु’ म्हणतात, आणि ‘तामारी’ हे शोयूच्या एका जातीचे नाव आजही प्रचलित आहे.

पुढे रसासाठीच रस काढण्याची विद्या सिद्ध झाली: वाफवलेले सोयाबीन, भाजून भरडलेला गहू, त्यांवर जोपासलेली बुरशी, मिठाचे पाणी, आणि लाकडी फळ्यांची, बांबूच्या कामट्यांनी आवळलेली प्रचंड पिंपे. वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ तो लगदा ढवळीत राहावे लागते. मग पिळून, अग्नीवर तापवून रस तयार होतो. तोकुगावा घराण्याच्या की शाखेच्या अमलात या धंद्यास दरबारचा आश्रय लाभला, आणि सुमारे १,००० घरांच्या या गावात ९२ कारखाने नांदत होते असे सांगतात. दगडांनी बांधून काढलेल्या ज्या कालव्यातून भरलेली पिंपे गलबतांवर चढत, तो आजही तेथे आहे.

कुळाच्या शाखा मुळाहून विस्तारल्या. शेजारच्या हिरो गावातील हामागुची घराण्याने १६४५ साली दूर पूर्वेकडील चोशी येथे कारखाना घातला, आणि एदो नगरीची विशाल बाजारपेठ हाती आल्यावर तिकडचे नाव युआसाहून मोठे झाले. याच घराण्यातील हामागुची गोऱ्यो यांनी १८५४ च्या भूकंपानंतर समुद्र गावावर चालून आला तेव्हा, अंधारात चाचपडणाऱ्या रयतेस उंचावरची वाट दिसावी म्हणून, भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटवल्या. पुढे स्वतःच्या पैशाने सुमारे ६०० मीटर लांबीचा बांध घातला. शोयूच्या उत्पन्नाचा याहून धन्य विनियोग मला ठाऊक नाही.

युआसात आज थोडेच कारखाने उरले आहेत. त्यांतील एक १८४१ पासून चालू आहे. काळवंडलेल्या फळ्यांच्या भिंती आणि लाकडी गजांच्या खिडक्या असलेली ही पेठ २००६ साली जपान सरकारने संरक्षित केली.

शब्दाचा प्रवास मात्र कोठल्याच दप्तरात अडकून पडला नाही. नागासाकीच्या वखारीतून वलंदेजांनी शोयू युरोपास नेला, त्यांच्या उच्चारात त्याचा ‘सोया’ झाला, आणि ज्या दाण्यापासून तो रस निघतो त्या दाण्यालाच रसाचे नाव चिकटले. लातूरच्या आडत बाजारात सुगीनंतर ज्या सोयाबीनचा पुकारा होतो, त्याचे नाव असे त्या तळाशी साचलेल्या रसावरून आलेले आहे.