पियानोची शिकवणी आणि खाड्याचे पैसे

ज्या घरात गाण्याची शिकवणी असते त्या घरात महिनाअखेरीस एक प्रश्न हटकून निघतो. मुलगी चार दिवस मामाकडे गेली होती, दोन दिवस अंगात ताप होता. तेव्हा त्या खाड्यांचे पैसे मास्तरांना द्यावयाचे की कापून घ्यावयाचे? मास्तरांनी बोलावे तर लोभी ठरतात, न बोलावे तर त्यांच्या घरची चूल थंडावते. हा प्रश्न आपल्याच आळीतला वाटतो खरा; पण व्हिएन्ना शहरात १७८२ साली एका पंचवीस वर्षांच्या पियानो-मास्तराने तो स्वतःपुरता सोडविला होता. त्या मास्तराचे नाव मोझार्ट. त्याच्या संगीतरचनांविषयी पुष्कळ बोलले जाते. आम्ही येथे त्याच्या शिकवण्यांकडेच पाहणार आहोत.

मोझार्ट मूळचा साल्झबर्गचा. तेथील आर्चबिशप हा धर्माधिकारीही होता आणि संस्थानिकही. १७७९ पासून मोझार्ट त्याच्या पदरी वर्षाला ४५० गुल्डेन पगारावर ऑर्गनवादक होता. १७८१ च्या वसंतात धन्याबरोबर तो व्हिएन्नास आला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्याची जागा हुजऱ्यांच्या खाली व आचाऱ्यांच्या वर होती. हे त्याने वडिलांना पत्रात कळविले आहे. खटके उडत गेले, राजीनामा कोणी स्वीकारीना, आणि जूनमध्ये आर्चबिशपच्या एका सरदाराने त्याला पार्श्वभागी लाथ मारून दाराबाहेर काढले. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेचा आश्रय सोडून बाहेर पडले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, हे आपणांस ठाऊक आहेच. दरबाराबाहेर पडलेल्या कलावंताला पोटासाठी प्रथम आठवते ती शिकवणीच.

व्हिएन्नात तिला गिऱ्हाईक होते. आपली पेटी भात्याच्या वाऱ्यावर वाजते; पियानोत पट्टी दाबली की आतला लहानसा हातोडा तारेवर आदळतो, आणि बोटाच्या जोराप्रमाणे सूर हळू वा मोठा निघतो. हे वाद्य त्या काळी उमरावांच्या व धनिक व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यात शिरत होते, आणि घरातल्या लेकीसुनांना ते वाजविता येणे प्रतिष्ठेचे झाले होते. मोझार्टच्या शिष्यांत रुंबेकेची काउंटेस होती, एका मोठ्या छापखानेवाल्याची पत्नी ट्राटनरबाई होती, आणि योसेफा आउर्नहामर होती. योसेफाबरोबर स्वतः वाजविण्यासाठी त्याने दोन पियानोंचा एक सोनाटा लिहिला, यावरून तिची तयारी कळते.

त्याची फी बारा धड्यांस सहा डुकाट. प्रारंभी तो धडे मोजी. बडी मंडळी आठवडाच्या आठवडा शिकवणी बुडवीत; बारा धडे कधी भरावयाचे आणि पैसे कधी मिळावयाचे? मास्तर मात्र ती वेळ राखून बसलेला. तेव्हा १७८२ च्या जानेवारीत त्याने वडिलांना कळविले, की आता धडे मोजणे बंद; कोणी शिको वा न शिको, महिन्याचे सहा डुकाट द्यावयाचे. वरवर पाहता ही हिशोबाची बाब. पण आचाऱ्यांच्या पंगतीत बसविलेला माणूस आता काउंटेसला सांगतो आहे, की तुमच्यासाठी राखलेला माझा तास तुम्ही आला नाहीत तरी माझ्याकडून खर्चच झाला. आमच्या मते साल्झबर्गच्या राजीनाम्याइतकेच हे धाडसाचे होते.

घाईचे कारणही होते. त्याला कोन्स्टान्झेशी लग्न करावयाचे होते आणि वडिलांचा विरोध होता. तीन शिष्यांचे महिना अठरा डुकाट. असे सहा महिने मिळाले तरी साल्झबर्गचा वर्षाचा पगार हाती येई. आणखी एक शिष्य मिळाला की नवराबायको साधेपणाने राहू शकतील, असे त्याचे गणित होते. त्याच ऑगस्टमध्ये लग्न झाले.

या स्वातंत्र्याची किंमत त्याच्या दिनक्रमात दिसते. सकाळी सहाला केशभूषा, सातला कपडे करून तयार, नऊपर्यंत रचनालेखन, नऊ ते एक शिकवण्या. राहिलेले लेखन रात्री. शिवाय उन्हाळ्यात उमराव आपापल्या गावी गेले की शिकवण्या आटत, आणि खाड्याचा नियम तेथे लुळा पडे. जो महिनाच नको म्हणतो त्याच्याकडून काय मागणार? १७९० च्या मे महिन्यात त्याच्याकडे दोनच शिष्य उरले होते. ज्या मित्राकडून तो कर्ज काढी त्यालाच त्याने लिहिले, की मला आठ शिष्य हवे आहेत, मी शिकवण्या घेतो हे चार लोकांत सांगा. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो वारला.

त्याच १७९१ साली व्हिएन्नातच कार्ल चेर्नी जन्मला. बापही पियानो-मास्तर. लहानपणी त्याने बेथोव्हेनपाशी शिक्षण घेतले आणि मिसरूड फुटण्याच्या वयातच शिकवण्या धरल्या. पुढे कित्येक वर्षे सकाळी आठ ते रात्री आठ असे बारा तास तो शिकवीत असे. स्वतःचे लिहिणे रात्री. तरी त्याच्या छापील कृतींचे अनुक्रमांक आठशेंच्या पुढे गेले. आज जगभरच्या शिकाऊ मुलांची बोटे दमविणारे त्याचे अभ्यासपाठ हे त्याच बारा तासांचे पीक. काही टीकाकार त्यांना रुक्ष म्हणतात. त्यांनी एक दिवस तरी बारा तास चुकीचे सूर ऐकून पाहावेत!

पॅरिसमध्ये शोपँही शिकवण्यांवरच जगला. तासाला वीस फ्रँक. शिष्येने पैसे शेकोटीवरच्या फळीवर ठेवावेत आणि गुरूने तोवर खिडकीबाहेर पाहावे, असे सांगतात. मोझार्टचा रोखठोकपणा आम्हाला अधिक आवडतो.

चेर्नीकडे १८१९ च्या सुमारास एक बाप आपल्या आठेक वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मूल फिकट, अशक्त, पियानोपुढच्या स्टुलावर डोलणारे. बोटे कशीही टाकणारे. पण चेर्नी थक्क झाला. पुढे मुलाची शिकवणी सुरू झाली. दिवसाचे तास पैसे देणाऱ्या शिष्यांनी भरलेले, म्हणून त्याने मुलाला संध्याकाळी बोलाविले. बापाने फी पुढे केली ती त्याने घेतली नाही. तो मुलगा फ्रान्झ लिस्ट. १८५२ साली लिस्टने आपले बारा अत्यंत अवघड अभ्यासपाठ छापले, ते चेर्नीस अर्पण केले. चेर्नीने शिकवण्या बंद करून तेव्हा सोळा वर्षे झाली होती.