फ्रॅमिंगहॅम हृदय अभ्यास

फ्रॅमिंगहॅम हृदय अभ्यास हा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या शहरात १९४८ साली सुरू झालेला दीर्घकालीन वैद्यकीय संशोधन प्रकल्प आहे. कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब व धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध प्रस्थापित करण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यास हृदयविकार हे अमेरिकेतील मृत्यूचे प्रमुख कारण बनले होते. मात्र त्याची कारणे फारशी ज्ञात नव्हती. वयाबरोबर रक्तदाब वाढणे स्वाभाविक आहे, असे अनेक डॉक्टर मानत. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब अनेक वर्षे वाढलेला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर स्वाक्षरी केली आणि या संशोधनाला सरकारी पाठबळ मिळाले.

स्वरूप

पहिल्या गटात ५,२०९ स्त्री-पुरुषांचा समावेश होता. आजार झाल्यावर रुग्णाची तपासणी करण्याऐवजी सर्वसामान्य नागरिकांची दर दोन वर्षांनी तपासणी करायची आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो याची नोंद ठेवायची, अशी ही पद्धत होती. थॉमस डॉबर हे प्रकल्पाचे आरंभीच्या काळातील संचालक होते. १९७१ मध्ये मूळ सहभागींची मुले व त्यांचे जोडीदार, तर २००२ मध्ये तिसरी पिढी अभ्यासात सामील झाली.

प्रमुख निष्कर्ष

१९६१ मध्ये विल्यम कॅनेल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल व उच्च रक्तदाब यांचा हृदयविकाराशी संबंध दाखवण्यात आला. ‘जोखीम घटक’ ही संकल्पना याच निबंधामुळे वैद्यकशास्त्रात रूढ झाली.

कोलेस्टेरॉल हा शरीराला आवश्यक असा मेदसदृश पदार्थ असून तो मुख्यतः यकृतात तयार होतो. कमी घनतेच्या मेदप्रथिनातील (एलडीएल) कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढल्यास ते धमन्यांच्या अस्तरात साचून धमन्या अरुंद होतात. असा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी झाल्यास हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. उच्च घनतेच्या मेदप्रथिनातील (एचडीएल) कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी असते, असे या अभ्यासातून १९७७ मध्ये दिसून आले. वाढलेले कोलेस्टेरॉल व रक्तदाब यांची बहुधा कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. त्यामुळे नियमित तपासणीला महत्त्व आले.

वय, लिंग, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांच्या आधारे पुढील दहा वर्षांतील धोक्याचा अंदाज देणारी ‘फ्रॅमिंगहॅम जोखीम गुणसंख्या’ याच नोंदींवरून तयार करण्यात आली.

मर्यादा

मूळ सहभागी जवळजवळ सर्व युरोपीय वंशाचे होते. त्यामुळे ही गुणसंख्या इतर समाजांना जशीच्या तशी लागू पडत नाही. भारतीय उपखंडातील लोकांना हृदयविकार तुलनेने कमी वयात होतो आणि त्यांच्या बाबतीत हा अंदाज प्रत्यक्ष धोक्यापेक्षा कमी येऊ शकतो. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये शहरातील विविध वंशांच्या रहिवाशांचा ‘ओम्नी’ हा गट जोडण्यात आला.